जन्माची गोळी

बोरी बुद्रुकमध्ये द्राक्षबागेच्या कामाला बायका हव्या असल्या की बागाईतदार आधी केशरबाईच्या दारात यायचा. तिच्या टोळीत दहा-बारा जणी असायच्या. घडातले दाटीचे मणी बारीक कात्रीने काढायचे आणि उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, हे त्यांचं विरळणीचं काम. दिवसभर मान वर आणि हातही वर. केशरबाईचा हात चालायला लागला की बाकीच्यांना दम खायला सवड नसे. तरी कामात कंटाळा नसायचा, कारण तोंडही तिचंच चालायचं. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचा नवरा काय म्हणाला, सगळं ती असं रंगवून सांगायची की बागेचा मालकही बांधावर उभा राहून ऐकत बसे.

या बाईला लोक आळशी म्हणायला लागले, हीच खरी गोष्ट आहे.

एका दिवसात झालं असतं तर कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण ते पाणी मुरावं तसं झालं. ब्याण्णव-त्र्याण्णव साली म्हणा, आधी तिची बडबड कमी झाली. मग चाल मंदावली. सकाळी उठायचं तर अंगावर कुणी धोंडा ठेवल्यासारखं वाटे. केस विंचरले की फणीत गुंता राही, भुवयांचे बाहेरचे केसही गळाले. आवाज बसला, जाडा झाला, सर्दी झालेल्या माणसासारखा. चैत्राच्या उकाड्यात रात्री घरचे सगळे अंगणात झोपायचे, आणि ही आत गोधडी पांघरून. तोंडावर सूज दिसायची, तिला लोक 'बाळसं' म्हणायचे.

"केशर, तुला खाल्लेलं लई मानवलं बघ," टोळीतली साळुबाई एकदा हसत म्हणाली. साळुबाई तिची जिवाभावाची. पाटलाच्या आळीतली असली तरी दोघींची भाकरी एका फडक्यात सुटायची. केशरबाईला हसू आलं नाही. जेवण तर निम्म्यावर आलं होतं.

तिचा नवरा तुळशीदास नारायणगाव ते बोरी अशी शीटं भरून नेणारी वडाप जीप चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर हायवेवर डोकं तापवून घरी यायचा आणि समोर चूल थंड, बायको भिंतीला टेकून डोळे मिटलेली.

"दिवसभर बसून बसून अंगाला सूज आली तुझ्या," तो म्हणायचा.

तिला उत्तर सुचेपर्यंत तो बाहेर गेलेला असायचा. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं. आपल्यालाच कामाचा कंटाळा आला असेल. आपणच बदललो असू.

टोळी हातातून गेली ती धर्माजीच्या बागेत. धर्माजी जुना बागाईतदार, तोलून बोलणारा. दुपारी तो ओळीतून फिरत आला आणि केशरबाईच्या वेलाखाली थांबला. खाली मणी पडलेले हवे होते, तिथे अख्खे घड पडले होते. ती उभ्या उभ्या पेंगत होती आणि हात आपला कात्री चालवत होता.

"केशरबाई," धर्माजी हळूच म्हणाला, "आज घरी जा. बरं वाटलं म्हंजी या."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. पुढच्या हंगामाला टोळी त्यातल्याच भागूबाईने चालवली.

घरात तिची थोरली मुलगी प्रतीक्षा, धाकटा प्रबुद्ध आणि सासू अंबाबाई. प्रतीक्षा तेव्हा आठवीत होती. आधी ती शाळेतून आल्यावर भाकरी करायची, मग शाळेत जायच्या आधी, आणि मग शाळाच राहिली. कुणी 'सोड' म्हणालं नाही. एक दिवस गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही.

गावातल्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. त्याने इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. सलाईनच्या दिवशी जरा तरतरी वाटायची. पुढे तो म्हणाला, पाळी जायची वेळ आली की होतं असं. केशरबाईने चाळिशी गाठलेली नव्हती.

शेजारची लंकाबाई एक दिवस ओसरीवर येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे डाक्टरचं काम न्हाई. बाहेरचं हाय. आमच्या माहेराकडं एक देवऋषी हाय, त्याच्याकडं न्या."

केशरबाई आत पडल्या पडल्या ऐकत होती. आणि तिला जावंसं वाटलं. कुणी अंगारा लावला, कुणी उतारा टाकला, काहीही केलं तरी चालेल, पण हे थांबू दे. बौद्ध झालेल्या घरात हे चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पण थकलेल्या माणसाला नियम लांबचे वाटतात.

अंबाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"लंके, छप्पन साली आमी दीक्षा घेतली तवा घरातले देव मी माज्या हातानं कुकडी नदीत सोडलं. माजी सासू मला म्हनली व्हती, आता तुज्या घरात कुनी आजारी पडलं तर कुनाकडं जाशील? मी म्हनलं, डाक्टरकडं. आता सून आजारी पडली तर शब्द फिरवू?" मग दाराकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "तुळशीदास! डाक्टर काय येकच हाय का जगात? डाक्टर बदल."

तुळशीदासने जीपचं बॉनेट आपटलं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला पुढची सीट त्याने रिकामी ठेवली.

नारायणगावात बाजाराच्या मागच्या बोळात नवा दवाखाना झाला होता. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या. केशरबाई दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग नाव विचारलं.

"केशरबाई तुळशीदास…" तिने सुरुवात केली, आणि आडनावापर्यंत यायला तिला वेळ लागला.

"आवाज आधीपासून असाच आहे?"

"न्हाई ओ," तुळशीदास मध्येच बोलला. "बागेत बोलायला लागली तर शिवारात ऐकू जायचं."

डॉक्टरीणबाईंनी पापण्या ओढून पाहिल्या, गळा चाचपला, कातडी चिमटीत धरली. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठीकडे तोंड करून बसायला सांगितलं. पावलं बाहेर लोंबत होती. केशरबाईला लाज वाटली. बाईंनी रबराची छोटी हातोडी घेऊन टाचेच्या वर टकटक केली. पाऊल चटकन हललं, पण परत जाग्यावर यायला रेंगाळलं. बाईंनी पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

"इकडे या," त्यांनी तुळशीदासला बोलावलं. "बघा. गेलं लगेच, आणि येताना कसं हळूहळू येतंय."

तुळशीदास वाकून बघत राहिला. बायकोच्या पावलाकडे त्याने इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

"गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात. तिचा रस रक्तात आला की सगळं शरीर आपापल्या वेगाने चालतं. यांची ग्रंथी काम करेनाशी झालीय असं मला वाटतं. रक्त पुण्याला पाठवू, मग नक्की कळेल."

"म्हंजी डिझेल हाय, पन रेसच लागत न्हाई," तुळशीदास म्हणाला.

"तसंच समजा."

केशरबाई अजून खुर्चीवर गुडघ्यांवरच होती. तिने मान वळवून विचारलं, "म्हंजी मी आळशी न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी तिला हात देऊन खाली उतरवलं. "आळशी माणसाचं पाऊल असं करत नाही," त्या म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये दाटी होती. केशरबाई खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि रडतानासुद्धा तिचे अश्रू सावकाश येत होते. तुळशीदासला ते दिसलं.  घरी आल्यावर चहा त्याने केला.

पुण्याहून रिपोर्ट आला. बाईंचं बरोबर होतं. गोळी एवढीशी, पांढरी, बोटावर ठेवली तर फुंकरीने उडेल अशी. इतक्या मोठ्या दुखण्याला इतकीशी गोळी पाहून अंबाबाईचा विश्वास बसेना. सुरुवात कमी डोसने होती, एकदम वाढवलं तर हृदयाला सोसत नाही म्हणून. रक्त वाढायला लाल गोळीही चालू झाली, आणि पोट बिघडलं म्हणून केशरबाईने काही दिवसांतच ती बंदही केली.

फरक आला तो असा, की आधी तिला घाम आला. कित्येक वर्षांत आला नव्हता. मग भूक लागली. मग एका सकाळी ती कुणी न उठवता उठली आणि चुलीपाशी गेली. प्रतीक्षा भाकरी थापत होती. केशरबाई तिच्याकडे बघतच राहिली. पोरगी उंच झाली होती. अंगावर केशरबाईचाच जुना ब्लाउज, परकर. थापताना हात असा सराईत पडत होता, जसा लग्न होऊन बरीच वर्षं झालेल्या बाईचा पडतो.

"आज शाळा न्हाई का?" तिने विचारलं.

प्रतीक्षाने तव्यावरची भाकरी उलटली. "आई, शाळा सोडली की मी. तुला ठावं हाय ना."

ठाऊक होतं. घरातच तर होती ती. पण पाण्याखालून आवाज ऐकू यावा तसं तिने ते ऐकलेलं होतं. आता डोकं पाण्यावर आलं होतं आणि शब्द जसाच्या तसा येऊन लागला. ती चुलीपुढे बसली, पीठ आपल्याकडे ओढलं. "उठ तू," एवढंच म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बरं वाटायला लागलं की माणूस औषधाला विसरतो. भागूबाईच्या टोळीत ती साधी मजूर म्हणून जाऊ लागली. आपल्याच जागेवर दुसरी हुकूम देते हे गिळायला लागलं, पण गिळलं. एक दिवस साळुबाई म्हणाली, "आता ठणठणीत झालीस. रोज इंग्रजी गोळी कशाला? गरम पडती ती. जन्मभर का घ्यायचीय?" बाईंनी तर जन्मभरच सांगितलं होतं. पण जन्मभर हा शब्द दवाखान्यात एक असतो आणि घरी आल्यावर दुसरा होतो. केशरबाईने गोळी सोडली. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, म्हणून तिला वाटलं, साळुबाईचं खरं. आणि मग थंडी आली, सूज आली, आवाज पुन्हा जाड झाला.

या वेळी तुळशीदास भडकला. "जीव लावून तुला न्यायचं, आणि तू गोळ्या फेकायच्या?"

तिने मान खाली घातली. चूक तिचीच होती. गोळी पुन्हा सुरू झाली. रक्त पूर्वीपेक्षाही कमी भरलं, म्हणून लाल गोळी परत लिहून दिली, आणि ती सोडायची नाही अशी ताकीदही. आता केशरबाईने ठरवलं, काहीही झालं तरी एक दिवस चुकवायचा नाही. सकाळी चहा झाला की सगळ्या गोळ्या एका मुठीत घ्यायच्या आणि एका घोटात गिळायच्या.

पण या खेपेला गाडी हलेना. डोस वाढवला, तरी हलेना. पुन्हा वाढवला. पुण्याहून रिपोर्ट येई तो वाईटच.

"केशरबाई, गोळी घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेती की."

बाईंनी तुळशीदासकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. ते खांदे उडवणं तिला फार लागलं. एकदा खोटी ठरलेली बाई दुसऱ्यांदा खरं बोलली तर तिने पुरावा कुठून आणावा? घरी रोज सकाळी तो समोर उभा राहू लागला. "तोंड उघड." ती लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायची. अंबाबाई म्हणाली, "अरं, ती घेती. माज्या डोळ्यांदेखत घेती." तरी त्याच्या नजरेतला संशय जाईना, आणि तिच्या अंगातली सूजही.

पुढच्या खेपेला ती एकटीच गेली. दुसऱ्याच्या जीपने. बाईंसमोर बसली आणि त्या जाड्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी पयल्यांदा सोडली व्हती, ते खरं. पन आता सोडली न्हाई. माज्या पोरीची शप्पथ घेती. तुमी माज्यावर विश्वास ठेवा, मग पुढचं काय ते करा."

बाईंनी पेन खाली ठेवलं.  मग म्हणाल्या, "ठेवला. आता मला सांगा, सकाळी उठल्यापासून काय काय करता? गोळी कशी घेता? करून दाखवा."

केशरबाईने पिशवीतून गोळ्या काढल्या. पांढरी, लाल, पोट साफ व्हायची एक. तिन्ही तळहातावर ठेवल्या, मूठ केली, तोंडाकडे नेली. "चहा झाला की अशा."

"थांबा! लाल गोळी हिच्याबरोबरच?"

"व्हय. सगळ्या सकाळीच सांगितल्यात ना."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "ती लोहाची गोळी पोटात या पांढऱ्या गोळीला धरून ठेवते. रक्तात जाऊच देत नाही. वर चहा-खाणं. तुम्ही रोज घेत होतात आणि रोज वाया जात होती." मग त्या म्हणाल्या, "हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. वेगवेगळ्या घ्या असं सांगितलंच नाही मी. माझं चुकलं."

डॉक्टरने चुकलं म्हणावं हे केशरबाईने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.  "असू द्या," ती म्हणाली, जणू बाईंच्या हातून चहा सांडला होता.

आता नियम ठरला. उठल्याबरोबर पांढरी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. तासाभराने चहा. लाल गोळी संध्याकाळी जेवणानंतर. वाढवलेला डोस बाईंनी थोडा उतरवला. पण तोही तिला जास्तच होता हे पुढे कळलं. महिना सरतासरता तिची छाती धडधडायला लागली, हात कापू लागले, डोळ्याला डोळा लागेना. बागेत भागूबाईशी ती क्षुल्लक गोष्टीवरून इतकी भांडली की साळुबाईने तिला ओढून बाजूला नेलं. तुळशीदासला वाटलं, आता हिला वेड लागणार. त्याने भरलेली जीप दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली आणि तिला घेऊन दवाखाना गाठला. डोस आणखी उतरला. मग कुठे हळूहळू तिचं माप सापडलं.

"पयला रेस लागत नव्हती, मग सुसाट सुटली," तुळशीदास म्हणाला. आणि मग, रस्त्यावर नजर ठेवून, "मी तोंड उघडून दाखवायला लावायला नको व्हतं."

"नकोच व्हतं लावायला," ती म्हणाली. तिने विषय तिथेच सोडला नाही. बोरीचा फाटा येईपर्यंत त्याला ऐकवत राहिली. जुन्या आवाजात. मागच्या सीटवरचे पाव्हणे गालात हसत होते आणि तुळशीदास मुकाट गाडी चालवत होता.

टोळी तिला परत मिळाली नाही. भागूबाईने ती चांगली चालवली होती, आणि ते केशरबाईने मान्य केलं. भुवयांचे बाहेरचे केसही पुरते आले नाहीत. प्रतीक्षाच्या शाळेचा ध्यास मात्र तिने सोडला नाही. हायस्कूलच्या हेडमास्तरांपुढे जाऊन बसली. वर्गात बसायचं वय गेलेलं, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची ठरली. प्रतीक्षाला ते नको होतं. "आई, आता काय उपेग? माज्या बरोबरच्या पोरी कॉलेजात गेल्या."

"गेल्या तर गेल्या. तू मागून जा."

"तुला बरं वाटावं म्हनून मी परीक्षा देऊ का?"

 पोरीचं अर्धं खरं होतं. "दे," केशरबाई म्हणाली. "माज्यासाठी तर माज्यासाठी." मार्चमध्ये प्रतीक्षा गणितात राहिली, ऑक्टोबरला सुटली. पुढे तिने बालवाडीच्या बाईचं नर्सरी ट्रेनिंग केलं. पण मध्ये गेलेली वर्षं गेलीच. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत, आणि न बोलल्याने ती कमीही झाली नाहीत.

प्रतीक्षाचं लग्न येडगावात झालं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला तिला दिवस गेले. उलट्या, मरगळ, सारखी झोप. तिची सासू म्हणाली, पहिलटकरणीला असंच असतं. केशरबाईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तुळशीदासला घेऊन येडगावात हजर झाली.

"असंल तसंच," विहीणबाईंना ती नम्रपणे म्हणाली. "पन माज्या मनाची खात्री करू द्या."

डॉक्टरीणबाईंच्या केसांत आता रुपेरी दिसायला लागलं होतं. रक्त आता गावातच तपासलं जाई. संध्याकाळी रिपोर्ट हातात. ग्रंथीचं काम थोडं कमी होतं, फार नाही. "आईमुळे आधीच कळलं हे चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "पोटातल्या बाळासाठी हे औषध लागतंच." त्यांनी चिठ्ठीवर गोळी लिहिली, आणि खाली मोठ्या अक्षरात: रिकाम्या पोटी, लोहाच्या गोळीबरोबर नाही.

"एवढंच?" प्रतीक्षाने विचारलं.

"एवढंच. दीड महिन्याने परत या."

दोघी बाहेर आल्या. प्रतीक्षा औषधाच्या दुकानात शिरली. केशरबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. समोर टोमॅटोच्या क्रेटने भरलेले टेम्पो हॉर्न देत चालले होते. तिला वाटलं होतं की आनंद होईल. झालाही. पण त्या आनंदाला लागूनच दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते तिने ओळखलं तेव्हा तिची तिलाच शरम वाटली. तिला लेकीचा हेवा वाटत होता. एक सकाळ, एक संध्याकाळ, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. कुणी आळशी म्हणालं नाही. कुणी तोंड उघडायला लावलं नाही.

प्रतीक्षा आली, पिशवी आईच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी टेकली. "काय झालं? रडतीस का?"

"न्हाई गं. धूर हाय टेंपोचा."

प्रतीक्षाने तिच्याकडे नीट पाहिलं. ती आईचे चेहरे लहानपणापासून वाचत आली होती, ते वाचणंच तिचा अभ्यास होता इतकी वर्षं.  तिने आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. हात ऊबदार होता.

रस्त्यापलीकडून तुळशीदास ओरडला, "चला की! बोरी, बोरी! दोन शीटं ठेवलीत पुढं!"

"आली!" केशरबाई ओरडली, आणि दोन टेम्पोवाल्यांनी मान वळवून पाहिलं.